न बसलेल्या मुलींचा निकाल

१४ जून

मावशी,

फोनवर मी नुसतं हं-हं करते अशी तुझी तक्रार आहे, म्हणून लिहिते आहे.

परीक्षा मंडळाच्या विश्लेषण विभागात आल्यापासून मी इतरांच्या तक्त्यांतल्या चुका काढत होते. आता साहेबांनी पहिल्यांदाच एक अख्खं काम माझ्याकडे दिलं आहे. मुलींच्या माध्यमिक शाळांचे दहावीचे निकाल एकमेकींपासून इतके वेगळे का, आणि त्यात मुख्याध्यापिकेचा वाटा किती, हे शोधायचं आहे. इमारत, वस्ती, पालकांची कमाई, शिक्षकांची संख्या सगळं सारखं असलं तरी काही शाळा वर जातात आणि काही खाली राहतात. उरलेला फरक बाईंच्या खुर्चीत असावा, असा विभागाचा अंदाज आहे.

तुझी शाळा यादीत आहे. तो भाग दुसऱ्या कुणाला द्यावा असं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मावशी आहे म्हणून आकडे वाढवशील का?" मी नाही म्हणाले. "मग अडचण काय आहे?" तेव्हा माझ्यासाठी तू इतरांसारखीच एक शाळा आहेस, हे आधीच सांगून ठेवते.

सोबत प्रश्नावली आहे. महिन्यातून किती तास वर्गात मागे बसून शिकवणं पाहतेस, शिक्षकांच्या बैठका किती, सराव परीक्षा किती, एवढंच. समासात गोष्टी लिहू नकोस. माझ्याकडे गोष्टींसाठी रकाना नाही.

खोलीला खिडकी आहे. तू विचारशील म्हणून लिहिलं.

तुझी भाची


२ जुलै

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद. त्यालाही रकाना नसेल तर कोपऱ्यात कुठेतरी ठेव.

लहानपणी माझ्याकडे राहायला आलीस की पट्टी घेऊन घरभर फिरायचीस. माझी डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे, हे तू भर पाहुण्यांत जाहीर केलं होतंस. तेच काम आता पगार देऊन कुणी तुझ्याकडून करून घेतंय, याचा मला आनंद आहे.

प्रश्नावली भरली आहे. मागे बसून पाहण्याचे तास शून्य लिहिलेत, कारण मागे बसायला मला फुरसत नाही. कुणी शिक्षिका आली नाही की मीच पुढे उभी राहते. त्याचा प्रश्न तू विचारलेला नाहीस. बैठका रोज होतात, चहाच्या वेळी, उभ्या उभ्या. सराव परीक्षा दोन.

आता एक गोष्ट, नको म्हणालीस तरी. आमच्याकडे हजेरी घेताना गैरहजर मुलीचं नाव आलं की तिच्या शेजारी बसणारीनं उत्तर द्यायचं. "नाही आली" असं म्हणायचं नाही, "आणते" म्हणायचं. आणि शाळा सुटली की तिच्या घरी जायचं, दिवसभराचा अभ्यास द्यायचा, का आली नाही ते बघून यायचं. पहिल्या वर्षी मी हे सुरू केलं तेव्हा शिक्षक हसले. आता नवीन शिक्षिकेला मुलीच शिकवतात.

यंदा दहावीत एक नवी मुलगी आली आहे. इतकी बारीक, की पहिल्याच दिवशी मुलींनी तिचं नाव टाचणी ठेवलं. गणितात फार कच्ची. पण उत्तर चुकलं की रडत नाही, पान उलटते आणि पुन्हा पहिल्यापासून मांडते. तिच्या शेजारी मी भोंगा बसवली आहे. भोंगा म्हणजे आमची सर्वांत मोठ्या आवाजाची मुलगी. ती कानात कुजबुजली तरी शिपायाला ऐकू येतं.

जेवतेस ना वेळेवर?

मावशी


२० ऑगस्ट

मावशी,

प्रश्नावली पोचली. गोष्टही पोचली.

हे मी इतर कुठल्याही मुख्याध्यापिकेला लिहिलं नसतं. तुला लिहिते, कारण अहवालातून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तुझ्या शाळेचा निकाल गेली पाच वर्षं साठ टक्क्यांच्या आसपास आहे. पुलापलीकडच्या शाळेचा शंभर. दोन्ही शाळा एकाच संस्थेच्या, वस्ती एकच, शिक्षक जवळजवळ तेवढेच. तुमच्याकडे उलट एक प्रयोगशाळा जास्त आहे. फरक फक्त बाईंचा उरतो.

मी त्या पलीकडच्याच शाळेतून शिकले, म्हणून सगळं दोनदा तपासलं. तिथल्या मुख्याध्यापिका, आमच्या मोठ्या बाई, रोज एका तरी वर्गात मागे बसतात. दर शनिवारी चाचणी असते. मला आठवतं, त्या मागे येऊन बसल्या की सगळ्या वर्गाची पाठ ताठ व्हायची. त्यांना न पाहता कळायचं, त्या आल्यात.

एक शंका आहे. तुझ्याकडे नववीत जितक्या मुली असतात त्याहून जास्त दहावीत दिसतात. दरवर्षी. असं कुठल्याच शाळेत होत नाही, शेवटच्या वर्गात पट कमी होतो. ही तुमच्या लिपिकाची चूक असावी. मी तो वाढीव आकडा खोडून नववीचाच धरला आहे. बरोबर आहे ना?

जेवते.

भाची


९ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,

लिपिकाला तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. बिचारा चष्मा पुसत बसला असता. त्याची चूक नाही. दहावीत आमच्याकडे मुली येतात, म्हणून पट वाढतो. कुठून येतात ते विचारलं नाहीस आणि मीही सांगत नाही. दार उघडं असलं की माणसं येतात, एवढं समज.

पलीकडच्या बाईंचं तू लिहिलंस ते खरं आहे. आम्ही दोघी शिक्षिका व्हायला एकाच खोलीत राहून शिकलो. तेव्हाही त्यांच्या उशीवर एक सुरकुती नसायची. मेहनती बाई आहे. त्यांच्याविषयी मी वाकडा शब्द लिहिणार नाही, तुला तर नाहीच. त्यांच्याकडे पहिली आलेली मुलगी आहेस तू.

टाचणी मध्ये बरेच दिवस आली नाही. आईनं शिवणकामाच्या कारखान्यात नेऊन बसवली होती, बटणं लावायला. भोंगा रोज सकाळी हजेरीला "आणते" म्हणायची आणि संध्याकाळी हात हलवत परत यायची. शेवटी कारखान्याच्या फाटकात उभी राहून तिनं भूगोलाचा धडा मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मुकादम बाहेर आला, म्हणाला, "ही कटकट घेऊन जा रे कुणीतरी." टाचणीच घेऊन आली तिला.

आमचे गणिताचे सर मला म्हणाले, "बाई, हिला परीक्षेला बसवलीत तर निकाल खाली बसेल." मी म्हणाले, "बसू दे, सर. खुर्च्या बऱ्याच आहेत आपल्याकडे." ते हसले नाहीत. पण आता रोज मधल्या सुट्टीत तिला बीजगणित शिकवतात.

मावशी


२५ नोव्हेंबर

मावशी,

अहवाल सादर झाला. साहेबांनी एकही ओळ बदलली नाही. असं इथे सहसा होत नाही.

दहावीत मुली येतात असं तू लिहिलं होतंस, पण कुठून ते लिहिलं नाहीस. ज्याचा स्रोत माहीत नाही तो आकडा मला धरता येत नाही. मी तो खोडलेलाच ठेवला.

अहवालात शाळांची नावं नाहीत, क्रमांक आहेत. तुझा क्रमांक शेवटच्या गटात आहे. त्या गटासाठी माझी शिफारस अशी, की जवळच्या उत्तम शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे अशा शाळेचा कारभार काही काळ सोपवून पाहावा. ही शिफारस एकूण आकड्यांवरून आली आहे. तू समोर असतीस तरी मी हीच केली असती.

तू रागावशील असं वाटत नाही. रागावलीस तर लिही.

भाची


१८ डिसेंबर

चि. मोजपट्टीस,

रागावू कशाला? तुझी पहिली शिफारस आणि तीही जशीच्या तशी मान्य. तुझ्या आईला सांगितलं, ती शेजारीपाजारी सांगून आली.

मी सध्या घरी आहे. गुडघे कुरकुरत होते, संस्थेच्या लोकांनीही म्हटलं, आता विश्रांती घ्या. मग घेतली. फळीवरचे सगळे डबे खाली काढून पुसले, परत लावले. नंतर लक्षात आलं की ते आधीच पुसलेले होते. सकाळी शाळेच्या वेळेला कुठलं तरी काम काढून बसावं लागतं, नाहीतर कान उगाच घंटेकडे लागतात. घर शाळेच्या इतकं जवळ घ्यायला नको होतं.

गरम कपडे काढलेस का?

मावशी


१० जानेवारी

मावशी,

तू विश्रांती घेतलीस हे बरं झालं. मी कित्येक वर्षं सांगते आहे.

संस्थेनं तुझ्या शाळेचा कारभार मोठ्या बाईंकडे दिल्याचं कार्यालयात कळलं. आमची शिफारस सर्वांत आधी तुमच्या संस्थेनं अमलात आणली, म्हणून साहेब खूश आहेत. योगायोगानं तुलाही त्याच वेळी थांबायचं होतं, त्यामुळे कुणालाच अवघड झालं नसेल. मार्चच्या परीक्षेतच फरक दिसेल असा माझा अंदाज आहे.

तुझ्या टाचणीलाही फायदा होईल. शनिवारच्या चाचण्यांनी कच्च्या मुली सुधारतात.

गरम कपडे आहेत.

भाची


६ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता पाठवतेच.

काल भोंगा घरी आली. पायरीवर बसली आणि बोलेना. ती बोलत नाही म्हटल्यावर मीच घाबरले. पाणी दिलं. मग तिनं सांगितलं.

नव्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात हजेरीतलं "आणते" बंद केलं. वेळ जातो म्हणाल्या. गैरहजर ती गैरहजर. मग दहावीची एक मोठी चाचणी घेतली. ज्या मुली रेषेच्या खाली आल्या त्यांच्या पालकांना एकेक करून बोलावलं, आणि यंदा मुलीला बसवू नका, पुढच्या वर्षी बाहेरून बसवा, असं सांगितलं. त्यांचे परीक्षेचे अर्ज मंडळाकडे गेलेच नाहीत. टाचणी रेषेच्या जरा खाली होती. तिच्या आईनं बाईंचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी तिला कारखान्यात नेलं. पुढचं वर्ष कुठलं येतंय, मोजपट्टी? भोंगा फाटकात जाऊन उभी राहिली, पण या वेळी टाचणी बाहेर आली नाही. आतूनच हात केला.

आता तुझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर देते. तेव्हाच द्यायला हवं होतं, पण जुनी मैत्रीण, आणि तुझ्या मनातली त्यांची जागा, म्हणून गप्प बसले. दहावीत आमच्याकडे येणाऱ्या मुली पुलापलीकडून येत. नववीच्या शेवटी ज्या पास होतील असं वाटत नाही, त्यांच्या हातात तिथे दाखला देतात. प्रेमानं देतात, चहा पाजून देतात. त्या मुली आमच्या दारात येत आणि मी घेत असे. त्यातल्या बऱ्याच नापास होत, बऱ्याच पासही होत. माझा साठ टक्के निकाल तो असा.

टाचणी त्याच शाळेतली. एका वर्षाच्या आत एकाच बाईंनी तिला दोन शाळांतून काढलं.

गुडघ्यांचं मी तुला खोटं सांगितलं. गुडघे ठीक आहेत.

तुला दोष देत नाही. एवढं मात्र वाटतं, की समासातली गोष्ट तू वाचली होतीस.

मावशी


२४ फेब्रुवारी

मावशी,

मी तपासलं.

दोन्ही आकडे माझ्याकडे पहिल्यापासून होते. तुझ्याकडे वाढणारा पट मी चूक म्हणून खोडला. त्यांच्याकडे घटणारा पट "स्थलांतर" या शीर्षकाखाली टाकला. दोन वेगळे तक्ते होते. शेजारी शेजारी ठेवले असते तर दिसलं असतं, त्यांची घट आणि तुझी वाढ जवळजवळ सारखी आहे.

परीक्षेला किती बसल्या ते सोडून, आठवीत किती आल्या तिथून मोजलं. तसं मोजलं तर आठवीत आलेल्या मुलींपैकी तुझ्या शाळेतून जास्त मुली दहावी पास होऊन बाहेर पडतात. पलीकडून आलेल्या धरल्या नाहीत तरी जास्त. धरल्या तर खूपच जास्त.

हे घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे पाहिलं. म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण आपल्याला निकालाविषयी विचारलं होतं. न बसलेल्या मुलीचा निकाल नसतो." अहवाल छापायला गेला आहे.

उशिरा अर्ज घेण्याची तरतूद आहे. त्यावर मुख्याध्यापिकेची सही लागते. मी मोठ्या बाईंना फोन केला. त्यांनी आवाजावरून ओळखलं. आईची चौकशी केली, तुझीही केली. मी टाचणीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, कपाळावर नापासचा शिक्का घेऊन ती मुलगी घरी गेली असती. मी तिला त्यातून वाचवलं. तू कधी नापास झाली नाहीस, तुला नाही कळायचं." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं, तितक्याच मायेनं. त्यांना हे खरंच वाटतं. मला त्यांच्याशी भांडता आलं नाही. फोनवर मी पाठ ताठ करून उभी होते, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

अर्ज स्वीकारण्याची मुदत काल संपली.

समासातली गोष्ट मी वाचली होती.

भाची


११ मार्च

चि. मोजपट्टीस,

आज परीक्षा सुरू झाली. सकाळी सवयीनं तयार होऊन दारात उभी राहिले. दरवर्षी पहिल्या पेपरला मी वस्तीतून चक्कर मारायची, कुणी झोपून राहिली आहे का, कुणाला घरच्यांनी अडवलं आहे का ते बघत. आज जाणार कुठे? ज्यांचे अर्ज गेलेत त्या सगळ्या वेळेवर निघाल्या. शहाण्या मुली आहेत, त्यांना माझी गरज नव्हतीच कधी.

भोंगा जाताना पाया पडली. शेजारी टाचणी असल्यासारखी रस्त्याच्या एका कडेनं चालत गेली. सवय आहे तिला तशी चालायची.

तू लिहिलंस ते सगळं वाचलं. स्वतःला फार मोजत बसू नकोस. सुट्टी मिळाली की ये.

मावशी


१९ जून

मावशी,

निकालाच्या आठवड्यात मी येऊन गेले आणि तुला भेटले नाही. सरळ तुझ्या घरी आले असते तर तू जेवायला वाढलं असतंस, आणि मग माझ्याच्यानं कुठे जाणं झालं नसतं.

शाळेच्या फाटकावर कापडी फलक आहे. निकाल शंभर टक्के. शाळेच्या शिपायाकडून मी आधी निरोप पाठवला होता, त्यामुळे फलकाखाली भोंगा माझी वाट पाहत होती. तिच्या आवाजाबद्दल तू लिहिलं होतंस, पण माझ्याशी ती हळू बोलली. आम्ही दोघी कारखान्यात गेलो.

लांब खोली आहे, पत्र्याचं छप्पर, दोन रांगा यंत्रांच्या. बटणं लावणाऱ्या मुली भिंतीकडेला जमिनीवर बसतात. मुकादमानं जेवणाच्या सुट्टीत बोलायची परवानगी दिली. टाचणी खरंच तशीच आहे. तिच्या बोटांना फडक्याची पट्टी गुंडाळलेली होती. मी कोण ते भोंगानं सांगितलं. आधीच्या बाईंची भाची, परीक्षा मंडळात असते, एवढंच. बाकीचं मी सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही.

ऑक्टोबरमध्ये बाहेरून बसता येतं. तो अर्ज मी नेला होता, भरूनच. तिनं हात पुसून घेतला, वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाली, "ऑक्टोबरात इथे काम जास्त असतं, ताई. सोडणार नाहीत." भोंगा म्हणाली, "मी येते ना तुझ्या बदल्यात बटणं लावायला." टाचणी हसली. "तू लावलेली बटणं तुझ्या ओरडण्यानंच तुटतील." मग त्या दोघी बराच वेळ हसत राहिल्या.

निघताना तिनं मला विचारलं, "ताई, मी बसले असते तर पास झाले असते का?"

हे मी आधीच काढलेलं होतं, मावशी. तिला चाचणीत जेवढे गुण पडले ते भोंगाकडून कळले होते; सराव परीक्षेत तेवढेच गुण पडलेल्या तुझ्या मुली, मागची सगळी वर्षं धरून. त्यांतल्या किती पास झाल्या. निम्म्याहून बऱ्याच जास्त. आकडा मला दशांशापर्यंत माहीत होता.

मी "माहीत नाही" म्हणाले.

घंटा झाली आणि ती आत गेली. तेव्हापासून विचार करते आहे. तू तिथे असतीस तर काय सांगितलं असतंस, ते लिही.

भाची


२१ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,

उत्तराला उशीर झाला. मी असते तर "झाली असतीस" म्हणाले असते. आकडा असता तरी, नसता तरी. पण तेही बरोबर झालं असतं असं नाही. हो ऐकून ती पुन्हा त्या भिंतीकडेला कशी बसली असती? तू आकडा सांगितला नाहीस ते मला पटतं. आणि माझ्या घरावरून गेलीस तेही मी धरून बसलेली नाही. पुढच्या वेळी वर ये.

पलीकडच्या बाईंनी सत्काराला बोलावलं होतं. गेले. शेवटी एकच खोली होती आमची. त्यांनी व्यासपीठावर माझं नाव घेतलं, पाया मी घातला म्हणाल्या. टाळ्या झाल्या. मी मुलींच्या रांगा बघत होते. एकही बाक मोकळा नव्हता. जिथे कुणी नाही तो बाकच काढून टाकलाय.

परवा भोंगा आली होती. कॉलेजला जाते आता. पहिल्याच आठवड्यातली गंमत सांगत होती. प्राध्यापक हजेरी घेत होते, तिच्या शेजारची मुलगी आली नव्हती. त्या मुलीचं नाव आलं आणि ही सवयीनं उभी राहून ओरडली, "आणते." सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले.

मी विचारलं, "मग गेलीस का?"

म्हणाली, "तिचा पत्ताच कुणाला माहीत नाही, बाई."

मावशी